डावं पायडल उलटं असतं

“काय गो, स्कूटर विकलीस काय?”

वईपलीकडून काकींनी विचारलं तेव्हा मी सायकलवरून नुकतीच उतरले होते. खरं सांगायचं तर घरंगळत येऊन फाटकाला टेकले होते. काकी पडवीच्या पायरीवर वालाच्या डाळिंब्या सोलत बसल्या होत्या. पुढ्यात परात, परातीत कोमट पाणी, पाण्यात मोड आलेले वाल. अंगठ्याने दाबलं की दाणा इकडे, साल तिकडे. नजर मात्र माझ्यावर. काकींना वाल सोलायला डोळे लागत नाहीत. डोळे त्यांनी गावासाठी राखून ठेवले आहेत.

“विकली नाही हो काकी. आत उभी आहे.”

“मग?”

ह्या ‘मग’ला काय सांगणार? तळा गावात राहायला आले त्याच आठवड्यात मला हे पाच-सहा जणांनी विचारून झालं होतं. वाण्याने तर ह्यांची पेन्शन सुरू झाली का, तेही विचारून घेतलं. पन्नाशी उलटलेली बाई सायकलवर दिसली, की एक तर घरात पैशांची ओढाताण असणार, नाहीतर डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलेलं असणार. बाईला नुसती हौस असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही.

शहरात, नेरूळला, असं नव्हतं. तिथे पंचवीस वर्षं राहिलो, शेजारच्या दाराचं आडनाव पाटीवर वाचून कळायचं. त्याबद्दल मी जन्मभर कुरकुर केली. पण सायकल शिकले ती त्यामुळेच. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी रस्त्यावर हातपाय पसरून पडले होते, तेव्हा एक माणूस मला वळसा घालून दूध घेऊन गेला. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. तळ्यात पडले असते तर काकींच्या परातीपासून बाजारपेठेपर्यंत संध्याकाळच्या आत तीन आवृत्त्या निघाल्या असत्या.

“पण लहानपणी नाही शिकलीस ती?” काकी.

लहानपणी माझे भाऊ शिकले. रोह्याला आमच्या आळीच्या तोंडाशी भाड्याने सायकल मिळायची, तासावर. थोरला नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचा, धाकटा मागून धावायचा. माझ्याकडे काम होतं घड्याळ बघायचं. तास भरला की ओरडायचं. घड्याळ मी इतकं चोख बघितलं, की पुढची चाळीस वर्षं मला कुणी दुसरं काही करायलाच सांगितलं नाही.

नेरूळला मनात आलं तेव्हा आधी दुकानात गेले. दुकानाचं नाव कशाला घेऊ? विक्रेत्या पोराने मला वरून खाली न्याहाळलं आणि एकोणतीस इंची चाकांची, एकवीस गिअरची सायकल माझ्या गळ्यात मारली. “मॅडम, एकदम हलकी.” हलकी होती हो, उचलायला. पण माझी उंची पाच फूट. सीटवर बसले की बुटाचं टोकसुद्धा जमिनीला लागेना. शिकताना पाय टेकत नसतील तर ती सायकल नव्हे, घोडा. महिन्याभरात पडत्या भावाने विकून टाकली. आणि मग आमच्याच सोसायटीत जिन्याखाली एक गंजलेली लेडी बर्ड सापडली. मालकीणबाईंची मुलगी लग्न होऊन कधीच गेली होती, सायकल तेवढी राहिली होती. शहरातल्या माणसाने सायकल विकत घेण्याआधी आपल्या जिन्याखाली एकदा बॅटरी मारून बघावी. प्रत्येक सोसायटीत अशा दोन-तीन तरी असतातच.

“आणि शिकवलं कुणी? भावजींनी?”

शिकवणार होते! रविवारी सकाळी हे कॅरिअर धरून मागे उभे राहिले. मी पायडल मारलं, हे दहा पावलं धावले आणि कमरेला हात लावून फुटपाथवर बसले ते बसलेच. मागून धरून धावायची पद्धत बाप तिशीतला आणि पोर आठ वर्षांचं असेल तिथेच चालते. शिवाय धरणारा हात सुटला का, सुटला का, असं मी सारखी मागे वळून बघायची आणि मागे बघितलं की हँडल वळायचंच. दोन रविवार आमचं सायकलीवरून भांडण झालं. तिसऱ्या रविवारी सायकल पंक्चर होती म्हणून वाचलो.

पंक्चरवाल्याने माझी कहाणी ऐकून घेतली, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता. मग म्हणाला, “ताई, पायडलंच काढू.”

मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याने पंधरा नंबरचा पान्हा काढला आणि उजवं पायडल नेहमीसारखं डावीकडे फिरवून सोडवलं. मग दुसऱ्या अंगाला आला आणि पान्हा माझ्या हातात दिला. “सोडवा.” मी आपली जोर लावतेय डावीकडे, डावीकडे. नट काढतात तसं. पायडल हलेना, उलट आणखी घट्ट. तो हसला. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवून सुटतं. सरळ आटे असते तर चालवता चालवता डावं पायडल हळूहळू आपोआपच सैल होऊन गळून पडलं असतं. लक्षात ठेवायला त्याने सोपं सांगितलं: पान्हा उभा धरायचा आणि दोन्ही पायडलं सोडवताना मागच्या चाकाकडे ओढायचा, बसवताना पुढच्या चाकाकडे. विमानवाले राइट बंधू मुळात सायकलीचे दुकानदार होते आणि 1900 साली त्यांनीच असं न गळणारं पायडल विकायला काढलं होतं, हे मला मागाहून कळलं.

मग सीट अगदी खाली केली, दोन्ही तळवे पुरते टेकतील इतकी. आता ती सायकल पायाने ढकलायची. चालल्यासारखं, मग लांब टांगा टाकत, मग पाय वर उचलून धरत. चार दिवस मी शाळेमागच्या आतल्या रस्त्याने पहाटे अशी बदकासारखी चालले. ह्या चार दिवसांत जे येतं तेच सायकल येणं. पाय फिरवणं कुणालाही जमतं. तोल शिकायचा असतो आणि पायडलं असली की सगळं लक्ष त्यांच्याकडे जातं.

तोलाची गोम तर आणखी गमतीची. ज्या बाजूला पडायला लागलात त्याच बाजूला हँडल वळवायचं. मन सांगतं उलट, आणि मनाचं ऐकलं की आपटलात. आणि बघायचं लांब, पंधरा-वीस पावलांवर. खड्ड्याकडे बघत राहिलं की सायकल इमानाने खड्ड्यात जाते. पाचव्या दिवशी दोन्ही पायडलं बसवली. बाराव्या दिवशी मी सेक्टरला एक अख्खी फेरी मारली आणि घरी येऊन कुणाला न सांगता वरणभाताचा कुकर लावला.

“पडलीस किती वेळा?”

“मोजलं नाही. चार तरी.”

“आणि त्या मोठ्या रस्त्यावर? ट्रकांमध्ये?”

तिथे पहिले तीन महिने गेलेच नाही. पाम बीच रोड काही शिकाऊ माणसाचा नव्हे. शहरात ट्रकांपेक्षा जास्त भीती मला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारींची वाटते. आतला माणूस मागे न बघता दार उघडतो. म्हणून मोटारींच्या रांगेपासून दार उघडेल एवढं अंतर सोडून चालवायचं. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे. पुण्यामुंबईत नव्याने सायकलवर बसणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे सांगते. हेल्मेटचं त्यानंतर.

काकींची परात अर्धी झाली होती. त्यांनी आवाज खाली आणला. पुढची बातमी मोठी आहे असं समजायचं.

“आमची सून विचारत होती.”

“काय?”

“तुझ्याबद्दल. म्हणते, काकू शिकवतील का. मी म्हटलं, पस्तिशीची बाई, दोन पोरांची आई, लोक काय म्हणतील?”

झालं. आता माझ्या पोतडीतलं सगळं बाहेर काढणं आलं. म्हटलं, काकी, रशियात टॉलस्टॉय म्हणून जगातला एक थोर लेखक होऊन गेला. तो सदुसष्टाव्या वर्षी सायकल शिकला.

“त्याला काय, त्याला सासू नसेल.”

बरं. अमेरिकेत फ्रान्सिस विलार्ड नावाच्या बाई होत्या, दारूबंदीचं काम करायच्या. त्या पन्नाशी उलटल्यावर शिकल्या आणि त्यावर पुस्तक लिहिलं, 1895 साली. काकी वाल सोलत राहिल्या. अमेरिकेचं त्यांना कौतुक नाही. त्यांचा पुतण्या तिकडे आहे आणि फोन करत नाही.

मग तामिळनाडूतलं पुदुकोट्टई काढलं. 1991 च्या सुमाराला तिथे साक्षरतेची मोहीम चालली होती. शीला राणी चुंकत नावाच्या कलेक्टरबाई होत्या, त्यांनी लिहिण्यावाचण्याबरोबर सायकलही धरली. शेतात राबणाऱ्या, खाणीत दगड फोडणाऱ्या बायका सायकली शिकल्या. थोड्याथोडक्या नाहीत, लाखभर. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलंय. गंमत अशी, की बायकांच्या सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी पुरुषी सायकली घेतल्या आणि त्याच बऱ्या म्हणाल्या. का, तर मधल्या दांडीवर पोराला बसवता येतं.

इथे काकींचा अंगठा थांबला.

“दांडीवर?”

“हो. पोर पुढे, पाण्याची कळशी मागे.”

“हां,” काकी म्हणाल्या. “म्हणजे कामाची आहे.”

तळ्यातला हा खरा कायदा. हौस म्हटलं की भुवया वर, काम म्हटलं की वाट मोकळी. मला हा कायदा आवडत नाही. पण सुनेचं काम होत असेल तर मी तो वापरीन.

तेवढ्यात काकींनाच आठवलं. निसर्ग वादळ आलं तेव्हा, 2020 ला, आडव्या पडलेल्या झाडांनी रस्ते बंद. किती दिवस लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही. वाडीवरून दूध घालणारा म्हातारा तेवढा यायचा. जिथे झाड आडवं असेल तिथे सायकल खांद्यावर घ्यायचा, पलीकडे उतरून पुन्हा टांग मारायचा. वादळ आलं 3 जूनला. मी म्हटलं, काकी, 3 जून हा जागतिक सायकल दिवस, संयुक्त राष्ट्रांनी 2018 साली ठरवलेला. आणि त्याच 3 जून 2020 ला अॅटलस सायकलचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. काकी म्हणाल्या, “म्हाताऱ्याकडे तीच होती. अॅटलस.”

तळ्याचं म्हणाल तर इथे शिकणं नेरूळपेक्षा सोपं आणि चालवणं अवघड. मैदान मोकळं, हवा चांगली, रहदारी अशी नाही. पण गाव तळगडाच्या पायथ्याशी, सपाट रस्ता शोधावा लागतो. उतार आला की नवखा माणूस घाबरून उजवा ब्रेक कचकन दाबतो. आपल्याकडच्या सायकलींचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा. बारीक खडीवर तोच एकटा दाबला की चाक घसरतं, नाहीतर आपण हँडलवरून पुढे. डावा आधी, उजवा सोबतीला, दोन्ही हलके, आणि उतार सुरू व्हायच्या आधीपासून. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरलं की मी सायकल पडवीत टांगून ठेवते, त्यात मला कमीपणा वाटत नाही. इंदापूरपर्यंत, म्हणजे पंधराएक किलोमीटर, मी अजून एकदाच गेले, आणि महामार्गाला लागायच्या आतच मागे फिरले. तो महामार्ग रुंद करायला घेतला 2011 साली. पुरता होईपर्यंत मला घाई नाही.

मला जायचंय ते उलट दिशेला, मांदाडकडे, कुडा लेण्यांना. सव्वीस लेणी आहेत आणि तिथल्या शिलालेखांत दान देणारे राजेच नाहीत, माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही मांदाडच्या खाडीकाठी धंदापाण्याची माणसं आपापल्या पायांनी डोंगर चढून जात होती. काकींना हे सांगितलं तर म्हणाल्या, “त्यांना एस्टी नव्हती.”

वाल संपले. काकींनी परात उचलली, सालं वईच्या मुळाशी ओतली, आणि वाटीभर डाळिंब्या वईवरून माझ्याकडे दिल्या. तळ्यात फी अशी आगाऊ मिळते.

“पहाटे ये म्हणते तिला,” त्या म्हणाल्या. “उजाडायच्या आत. आणि साडी नको, पंजाबी ड्रेस घालू दे, ओढणीशिवाय. ओढणी चाकात जाते.”

ओढणी चाकात जाते हे काकींना कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही.

शनिवारी सहाला शाळेच्या मैदानावर भेटायचं ठरलंय. सीट खाली केली आहे, चाकांत हवा मारून ठेवली आहे, दोन्ही पायडलं काढून पिशवीत घातली आहेत. तळ्यात, माणगावात, रोह्यात आणखी कुणी घड्याळ बघत बसलेली असेल तर तिनेही यावं. पान्हा माझ्याकडे आहे.