तिरपा बाण

एक उभी रेघ काढा. तिच्या दोन्ही अंगांना एकेक कंस काढा, पोट रेघेकडे आणि टोकं बाहेर. झाला थ्रॉटल. रेघ म्हणजे तेलाची वाट, आणि त्या दोन पोटांच्या मधून ती अंग चोरून जाते, एवढाच याचा अर्थ. आता या सगळ्यावरून एक तिरपा बाण ओढा. हा थ्रॉटल फिरवून कमी-जास्त करता येतो, असं तो बाण सांगतो. चित्रकलेत काठावर पास झालेल्या माणसालाही हे जमतं. मलाही जमतं.

भोसरी असो की सातपूर, हायड्रॉलिकचं मशीन असलेल्या कुठल्याही शेडमध्ये पॅनेलचं दार उघडलं की आतल्या बाजूला सर्किट चिकटवलेलं सापडतं. त्यावर तेलकट बोटांचे ठसे असतात, कोपऱ्यात कुणाचा तरी मोबाइल नंबर असतो आणि आपल्याला हवा असतो नेमका तोच भाग घडीवर फाटलेला असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती कुणाची तरी पत्रिकाच वाटते. चौकोनी घरं, घरांत बाण, घरांशेजारी अक्षरं. आणि साम्य तेवढ्यावर थांबत नाही. पत्रिकेत मुलाचं नाक कसं आहे हे नसतं, तो वागेल कसा हे असतं. इथेही तसंच. आयएसओ 1219 नावाच्या ज्या मानकात ही सगळी चिन्हं दिली आहेत, त्याचा मूळ बाणाच हा आहे की चिन्हाने वस्तूचं काम दाखवावं, तिची घडण दाखवू नये.

हे शहाणपण किती मोठं आहे ते खरा व्हॉल्व्ह हातात घेतल्यावर कळतं. फ्लो कंट्रोल म्हणजे मुठीएवढा लोखंडी ठोकळा, वर एक नॉब, नॉबखाली लॉक नट. शेजारचा रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे मुठीएवढा लोखंडी ठोकळा, वर एक नॉब, नॉबखाली लॉक नट. दोघे सख्खे भाऊ शोभतात. एकाने वेग सांभाळायचा, दुसऱ्याने दाब वाढला की तेल टाकीकडे सोडून द्यायचं. पण चेहऱ्यावरून ते ओळखण्याची सोय नाही. कागदावर मात्र दोघांची कसलीही गल्लत होत नाही. रिलीफला चौकोन, त्यात एक बाण, बाजूला स्प्रिंगची नागमोड. फ्लो कंट्रोलला आपले पाठमोरे दोन कंस. व्हॉल्व्हच्या अंगावरही बारीक पाटीवर हेच चिन्ह कोरलेलं असतं. पण ऑडिट जवळ आलं की मशीनला हिरवा रंग मारायची पद्धत आहे आणि रंगारी पाटी आणि ठोकळा असा भेदभाव करत नाही.

चिन्हांच्या या राज्यात काही गोष्टी फार सरळ आहेत. पंपाच्या गोलातला त्रिकोण तेलासाठी काळा भरायचा, हवेसाठी पोकळ ठेवायचा. यावर वाद घालायला कुणी पुण्यातसुद्धा मिळणार नाही. टाकीचं मात्र थोडं वेगळं आहे. वरून उघडा चौकोन म्हणजे टाकी. आणि प्रत्येक रेघ लांबवर टाकीपर्यंत ओढत नेण्यापेक्षा जिथे तेल परत सोडायचं तिथे एक छोटी टाकी काढून मोकळं व्हायचं, असा रिवाज आहे. त्यामुळे एका सर्किटात सात-आठ टाक्या दिसतात. नवा ट्रेनी टॉर्च घेऊन मशीनखाली वाकला की जुनी मंडळी त्याला काही विचारत नाहीत. तो काय शोधतोय हे त्यांना माहीत असतं.

माझा जीव जडला तो मात्र कंसांवर. याचं कारण कंसाला एक भाऊबंद आहे. कंसाऐवजी दोन टोकदार कोन एकमेकांकडे टोक करून काढले, तर ते वेगळं चिन्ह होतं. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, आणि घाईत काढणारे फरकही करत नाहीत. पण फरक आहे. कंस म्हणजे तेलाच्या घट्टपणाला बळी पडणारी अरुंद वाट. कोन म्हणजे पातळ पत्र्यातल्या धारदार भोकासारखी वाट, जिला घट्ट-पातळ फारसं बाधत नाही. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं अडुसष्ट नंबरचं तेल घ्या. ते अडुसष्ट म्हणजे 40 अंश सेल्सिअसला त्याचा घट्टपणा 68 सेंटीस्टोक. पुण्यात डिसेंबरातल्या पहिल्या शिफ्टला तेच तेल तीन-चार पट घट्ट असतं. मग प्रेसचा रॅम असा खाली येतो, जणू त्याला रात्रपाळीच झालेली आहे. अकरा वाजता तेल तापतं, तोच रॅम त्याच सेटिंगवर धडाधड चालू लागतो, आणि दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर तक्रार करतो की पहिल्या शिफ्टवाल्यांनी व्हॉल्व्हला हात लावला. पहिल्या शिफ्टने कशालाही हात लावलेला नसतो. उत्तर त्या कंसांच्या गोलाईत लिहिलेलं असतं, पण भांडताना सर्किट कोण उघडतं?

दाबाचा प्रकार याहून खोडकर आहे. अरुंद भोकातून किती तेल जाईल हे भोकाच्या आकारावर तर ठरतंच, शिवाय भोकाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबांतल्या फरकावरही ठरतं. आणि तेही सरळ हिशेबात नाही, वर्गमुळाच्या हिशेबात. दाबांतला फरक चौपट झाला की प्रवाह दुप्पट. म्हणजे साधा थ्रॉटल अगदी इमानदारीने जागच्या जागी उभा असतो, नॉबला कुणी शिवलेलं नसतं, तरी समोरचा जॉब जड झाला की वेग पडतो, हलका झाला की वाढतो. यावर उपाय म्हणून जो व्हॉल्व्ह निघाला त्याच्या चिन्हात रेघेच्या दिशेने आणखी एक छोटासा बाण असतो. एवढंच. एक मिलिमीटर शाई. पण त्या शाईचा अर्थ असा, की आत एक स्पूल आणि एक स्प्रिंग बसवली आहे, ती भोकाच्या दोन्हीकडचे दाब सतत तोलत राहते आणि त्यांतला फरक कायम राखते. बाहेर पंप तावातावाने ढकलू दे, नाहीतर समोर जॉब आडवा येऊ दे, हा आपला मिनिटाला ठरलेले तेवढेच लिटर देणार. याला आमच्यात प्रेशर कॉम्पेन्सेटेड म्हणतात. या गृहस्थाबद्दल मला मत्सरमिश्रित आदर आहे. सासरचा दाब, माहेरचा दाब, आणि मधे स्प्रिंगवर शांत बसलेला असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो कानाने अधू होता.

आता एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. व्ही आकाराच्या बैठकीत बसवलेली एक गोळी. बैठकीच्या टोकाकडून तेल आलं तर गोळी उचलली जाते आणि वाट मोकळी. उलट बाजूने आलं तर तेच तेल गोळीला बैठकीत दाबून बसवतं आणि स्वतःचीच वाट बंद करून घेतं. सगळ्या चिन्हांत मला हे सर्वांत बोलकं वाटतं, कारण यात गोळी खरोखर गोळीसारखी काढलेली आहे. मानकाचा बाणा इथे थोडा ढळला असावा. हा एनआरव्ही थ्रॉटलच्या शेजारी समांतर जोडायचा, दोघांभोवती रेघ-टिंब-रेघ अशी चौकट काढायची, म्हणजे दोघे एकाच ठोकळ्यात नांदतात हे कळतं. झाला एकतर्फी फ्लो कंट्रोल. जाताना थ्रॉटलमधून रांगत जायचं, येताना गोळी उचलून धावत यायचं.

खरी गंमत तो कुठल्या दिशेने लावला यात आहे. सिलेंडरमध्ये शिरणारं तेल अडवलं तर मीटर-इन, बाहेर पडणारं अडवलं तर मीटर-आउट. कागदावर फरक केवढा? गोळी व्हीच्या कुठल्या बाजूला काढली, तेवढा. मशीनवर फरक असा, की रॅमला वजनदार डाय टांगलेला असेल आणि शिरणारंच तेल अडवत बसलात, तर डाय स्वतःच्या वजनाने रॅमला ओढत पुढे निघून जातो. मागून येणारं तेल नुसतं पाहत राहतं. तिथे बाहेर जाणारं तेलच धरावं लागतं. हवेच्या सिलेंडरवर तर बहुतेक वेळा बाहेर जाणारी हवाच अडवतात, कारण हवा दाबली जाते; आत येणारी अडवली तर पिस्टन अडखळत, थांबत, एकदम उडी मारत जातो. मग सगळीकडे मीटर-आउटच का लावू नये, असं एखादा हुशार ट्रेनी विचारतो. रॉडकडचं क्षेत्रफळ निम्मं असेल आणि समोर अडवायला जॉब नसेल, तर मागे 100 बार असताना पुढे कोंडलेल्या तेलाचा दाब 200 बारपर्यंत चढतो, हे त्याला सांगावं लागतं. सील आधी रडतं, मग फाटतं. हवेच्या सिलेंडरवर बसणाऱ्या छोट्या स्पीड कंट्रोलरवर कंपन्या एकतर्फी फ्लो कंट्रोलचं हे चिन्ह छापतात, पण इतकं बारीक, की ते वाचता येण्याइतकी नजर तीक्ष्ण असते त्या वयात अर्थ कळत नाही, आणि अर्थ कळायला लागतो तेव्हा चाळिशीचा चष्मा घरी राहिलेला असतो.

केमिकल प्लांटवाल्यांची चिन्हं निराळी. टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण म्हणजे व्हॉल्व्ह, त्यावर अर्धगोल टोपी म्हणजे हवेवर चालणारा. तिथे मला एकच गोष्ट मनापासून आवडते. चिन्हाशेजारी एफसी किंवा एफओ अशी दोन अक्षरं असतात. हवेचा पुरवठा तुटला तर हा व्हॉल्व्ह बंद होईल की उघडेल, ते त्यातून कळतं. भट्टीचं इंधन बंद व्हायला हवं, थंड करणारं पाणी उघडं राहायला हवं. सगळं बिघडेल त्या दिवशी प्रत्येकाने कसं वागायचं हे आधीच लिहून ठेवणारी माणसं मला आवडतात, जरी लग्नघरात त्यांना कुणी बोलवत नसलं तरी.

आता तिरप्या बाणाकडे. मानकाच्या भाषेत तो म्हणतो, इथे बदल करता येतो. शॉपवर त्याचा अर्थ होतो, इथे प्रत्येकाने बदल करावा. ऑपरेटरला शिफ्टचे नग भरायचे असतात, तो अर्धा फेरा उघडतो. जॉबवर रेघा पडतात म्हणून क्वालिटीवाला पाव फेरा बंद करतो. मेंटेनन्सवाला रंगाच्या पेनाने नॉबवर आणि ठोकळ्यावर मिळून एक रेघ मारून ठेवतो, म्हणजे सेटिंग हललं की रेघ तुटलेली दिसेल. आठवड्याभरात तिथे चार रंगांच्या चार रेघा होतात आणि प्रत्येक खातं आपलीच रेघ खरी म्हणतं.

आमच्याकडे एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. एका प्रेसवर या फिरवाफिरवीचा फार ताप झाला. सायकल टाइम दर शिफ्टला नवा. मामांनी एका रविवारी मशीन घेतलं, तेल तापू दिलं, वेग लावला, लॉक नट आवळला आणि नॉबच काढून खिशात टाकला. स्पिंडलला पाना बसू नये म्हणून त्याचा माथा कानशीने गोल केला. मग पॅनेलचं दार उघडून सर्किटवर बॉलपेनने काहीतरी केलं. मी जाऊन पाहिलं, तर त्यांनी थ्रॉटलवरचा तिरपा बाण खोडला होता, आणि शेजारी सही, तारीख.

“मामा, हे काय?”

“साहेब, बाण नसला की फिक्स असतो ना? मग आता तो फिक्स आहे. ड्रॉइंग मशीनप्रमाणे नको का?”

आयएसओ 1219 पुढ्यात घेऊन बसलो असतो तरी यात चूक काढता आली नसती. बाण नसलेला थ्रॉटल म्हणजे न बदलणारा थ्रॉटल. मी काही बोललो नाही. पुढच्या आठवड्यात त्या गोल केलेल्या स्पिंडलवर पकडीच्या दातांचे ताजे वण होते, रॅम पुन्हा धडाधड चालत होता, आणि मामा पॅनेलच्या दारात उभे राहून खोडलेल्या जागेवर नवा बाण काढत होते. या वेळी पट्टी लावून.