व्हाया जर्मनी

बोरिवलीहून मुलुंडला सरळ रेषेत फक्त बिबट्या जाऊ शकतो. माणसाने लोकलने अंधेरी गाठावी, मेट्रोने घाटकोपर, तिथून पुन्हा लोकल. माझी सासुरवाडी मुलुंडला. त्यामुळे भाचा ‘टॉर’ समजावू लागला तेव्हा मला ते चटकन कळलं.

टॉरवर फोनमधून निघालेली मागणी थेट वेबसाइटकडे जात नाही; स्वयंसेवकांनी जगभर चालवलेल्या तीन संगणकांवर गाड्या बदलत जाते. पहिल्याला ती कुठून निघाली ते ठाऊक, कुठे चालली ते नाही. शेवटच्याला मुक्काम ठाऊक, उगम नाही. मधल्याला दोन्ही नाही. घाटकोपरच्या टीसीला तरी माझ्या सासुरवाडीचा पत्ता कुठे ठाऊक असतो?

भाच्याने माझ्या फोनवर टॉरवर नेणारं ऑर्बॉट नावाचं अ‍ॅप टाकलं आणि झाडून सगळी अ‍ॅप त्यातून वळवली. म्हणाला, “मामा, आता तू कुठे आहेस ते कुणालाच कळणार नाही.”

दूधवाल्या अ‍ॅपला खरंच कळेना. मी जर्मनीत आहे असं समजून त्याने म्हैस की गाय हे विचारणंच सोडलं. बँकेच्या अ‍ॅपने ओळख दाखवली नाही. जी ती वेबसाइट मी माणूस असल्याचा पुरावा मागू लागली आणि चित्रांतून झेब्रा क्रॉसिंग ओळखायला लावू लागली. उपनगरातल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचा. शेअरच्या टिपा देणाऱ्या मेहुण्याचा व्हिडिओ कॉल लागेना; असे कॉल बहुधा यूडीपी नावाच्या पद्धतीने जातात आणि टॉर नेतं फक्त टीसीपी पद्धतीचं. ही त्रुटी आहे, असं मी म्हटलेलं नाही.

नकाशातला निळा ठिपका मात्र बोरिवलीतून हलला नाही, कारण जीपीएस उपग्रहांच्या संकेतांवरून ठिकाण काढतं, टॉरला विचारत नाही. त्यात मी ईमेल पूर्ण नावाने उघडत होतो आणि वीजबिल ग्राहक क्रमांक टाकून भरत होतो. टॉर वाट लपवतं. वाटसरूच नाव-पत्ता सांगत सुटला तर ते काय करणार?

“मग माझ्यासारख्याचं इथे काम काय?” मी विचारलं.

“गर्दी करणं,” भाचा म्हणाला.

वाट लपवण्याची ही पद्धत १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. पण ती फक्त सरकारी माणसांनीच वापरली असती, तर तिथून येणारा प्रत्येक जण सरकारी, हे शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. लपायला परकी माणसं हवीत. म्हणून २००२मध्ये सुरू झालेलं टॉरचं जाळं सर्वांना खुलं राहिलं. आज त्यावर पत्रकार आहेत, सरकारची खप्पामर्जी झालेले आहेत, भामटेही आहेत. त्यांच्यात राशिभविष्य वाचणारी निरुपद्रवी माणसं जितकी जास्त, तितकं एकेकाला हुडकणं कठीण.

बँक आणि दूध मी ऑर्बॉटमधून वगळलं. ब्राउझर तिथेच ठेवलाय. कुठे कुणी पत्रकार बाई जिवावर उदार होऊन बातमी पाठवत असेल; तिला आडोसा म्हणून मी साबुदाणा वड्याची कृती व्हाया जर्मनी उघडतो. नुसतं गर्दीत उभं राहून दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं, एवढी समाजसेवा आम्हा उपनगरवाल्यांना सहज झेपते.