जोडधंदा : शेती

‘शेतीला जोडधंदा करा’ हा सल्ला महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला मंत्र्यांनी, तज्ज्ञांनी आणि आकाशवाणीने इतकी वर्षं दिला की शेवटी त्यानं तो मनावर घेतला. आधी म्हैस घेतली. मग शेळ्या झाल्या, कोंबड्या झाल्या. मग थोरला पुण्याला वॉचमन झाला, मधला जोडीनं कोयत्यावर गेला, धाकटा चाकणला कंपनीत चिकटला. जोडधंदा असा काही भरभराटीला आला की आता घरात एकच चिंता उरली आहे : या कमाईतून शेती किती दिवस पोसायची?

हे मी पदरचं सांगत नाही. केंद्र सरकारच्याच 2018-19 च्या पाहणीत देशातल्या सरासरी शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न 10,218 रुपये निघालं. त्यात पिकांचे 3,798 आणि मजुरीचे 4,063. म्हणजे सरकारदरबारी ज्याला बळीराजा म्हणतात तो कामावर जाणारा माणूस आहे आणि सुटीच्या दिवशी राज्य करतो. 2016 साली सरकारनं 2022 पर्यंत त्याचं उत्पन्न दुप्पट करायचं ठरवलं. त्यासाठी समिती नेमली. समितीनं तब्बल 14 खंडांचा अहवाल दिला. शेतकऱ्यानं एकही खंड उघडला नाही आणि रात्रीची पुण्याची ट्रॅव्हल्स धरली. निष्कर्ष मात्र जवळपास तोच निघाला.

जमिनीनंही या कामी मोलाचं सहकार्य केलं. 1970-71 च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं 4.28 हेक्टरचं होतं, 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टरवर आलं. शिवाय ही झाली सरासरी. सरासरीच्या पंगतीत चाळीस एकरवाला आणि अर्ध्या एकरवाला मांडीला मांडी लावून बसतात; वाढपी कुणाच्या ताटाशी जास्त वेळ थांबतो ते आकडेवारीत येत नाही.

तुकडे पडू नयेत म्हणून आपल्याकडे 1947 पासून कायदा आहे. तुकडेबंदी म्हणतात त्याला. आजच्या हिशेबानं जिरायत जमिनीचा 20 गुंठ्यांच्या आतला आणि बागायतीचा 10 गुंठ्यांच्या आतला तुकडा पाडता येत नाही. कायदा उत्तमच आहे. त्यात फक्त भाऊबंदी करायची राहून गेली. त्यामुळे सातबारावर सगळे एकत्र नांदतात आणि शिवारात जो तो आपापला दगड रोवतो. एका गटावर अकरा नावं. त्यांतले चार पुण्यात, दोन भिवंडीला, एक सुरतेला, एक वारलेला पण फेरफार व्हायचाय, एकाचा पत्ता नाही. पीककर्ज घ्यायचं तर सगळ्यांची संमती आणा म्हणतात. ती गोळा होईपर्यंत पीक निघून जातं आणि कर्जाची गरजही उरत नाही. उरते ती उधारी.

आमच्या सोसायटीच्या गेटवर असे दोन सहधारक आहेत. सख्खे भाऊ, गाव औसा तालुक्यात. थोरला दिवसपाळीला, धाकटा रात्रपाळीला. खोली एक, खाट एक, तीही पाळीनं. एक उठतो तेव्हा दुसरा तिच्यावर पडतो. बॅटरी, शिट्टी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर सकाळ-संध्याकाळ आठला एकमेकांच्या हाती द्यायचं. या देवाणघेवाणीत आजवर कधी तंटा झाला नाही. गावी मात्र दोघांची बांधावरून केस चालू आहे. थोरल्याचं म्हणणं, धाकट्यानं नांगर घालताना बांध कोरला आणि दोन तास जमीन खाल्ली. धाकट्याचं म्हणणं, मुळात बांधच माझ्याकडे सरकवून घातला होता, मी जागेवर आणला. ज्या जमिनीवरून भांडण आहे ती मोजली तर आमच्या पार्किंगमधली दीड गाडी भरेल. इथे माणसं तेवढ्याच पार्किंगसाठी भांडतात, तेव्हा हसायचं कोणी कोणाला हा प्रश्नच आहे.

तारखेच्या आदल्या रात्री दोघं एकाच ट्रॅव्हल्सनं निघतात. थोरला खालच्या बर्थवर, धाकटा वरच्या. वाटेत धाब्यावर गाडी थांबली की चहाचे पैसे थोरला देतो; धाकट्याकडून घेणं त्याला बरं वाटत नाही. सकाळी औशाला उतरून दोघं आपापल्या वकिलाकडे जातात. पुढची तारीख मिळते. रात्री परतीची गाडी. त्या दिवशी गेटवर कोणी नसतं, म्हणून आमच्या सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर पाणीकपातीच्या वेळापत्रकाखाली औसा कोर्टाच्या तारखाही लावायला सुरुवात केली आहे.

थोरल्याच्या वाट्याला आलेत 18 गुंठे. जिरायत, सोयाबीन. बरा पाऊस झाला तर तीन क्विंटल. 2024 च्या हंगामात हमीभाव होता 4,892 रुपये. बाजारात त्याच्या पुष्कळ खाली हात आखडला जात होता, आणि ज्याला घरात पोती ठेवायला जागा नाही त्याला हमीभावाच्या खरेदीकेंद्रापुढच्या रांगेत उभं राहायला सवड नसते. बियाण्याची बॅग, खत, तणनाशक, ट्रॅक्टरवाला, काढणी, मळणी, हमाली, तोलाई वजा केली की हातात तीन-चार हजार. चार महिन्यांचे. त्यातून पेरणीला आणि राशीला गावी येण्या-जाण्याचं भाडं काढलं तर शेती आतबट्ट्याची ठरते, म्हणून ते भाडं तो पगारातून धरतो. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात ठाऊक नाही. व्यसनाच्या हिशेबाची पद्धत साधारण अशीच असते. तरी त्यानं समाधान मानावं. 2023 साली सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्यानं 512 किलो कांदा विकला आणि सगळी कापाकापी होऊन त्याच्या हाती 2 रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा.

आता कोणी विचारेल, मालक बाराही महिने गेटवर, मग 18 गुंठ्यांत खुरपतं कोण? घरची बाई. तिचं नाव सातबारावर नाही. नणंदांनी साडीचोळीवर हक्कसोड लिहून दिली तेव्हा ती चहा करत होती. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा घोष करून बायकांची नावं सातबारावर चढवण्याची मोहीम काढली होती, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेती करते ती शेतकऱ्याची बायको आणि वॉचमनकी करतो तो शेतकरी, अशी ही सुटसुटीत विभागणी आहे. सन्मान निधीचे हप्ते शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होतात. केंद्राचे वर्षाला 6,000, राज्याचे 6,000. बारा महिन्यांत वाटले तर महिना हजार रुपये, म्हणजे पिकानं दिले त्याहून जास्त. तेव्हा पेरायचं सोयाबीनच, असा आग्रह कशाला?

कोकणानं या जोडधंद्यात फार आधीच आघाडी घेतलेली आहे. तिथला माणूस शंभर वर्षांपूर्वीच गिरणीत गेला, मनीऑर्डरीवर गाव उभं राहिलं. गिरण्या गेल्या, चाकरमानी राहिला. आज रत्नागिरीच्या हापूसच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात, कारण त्यांच्या डोंगरातल्या तुकड्यावर त्यांचं भागत नाही. बागवाल्याचा मुलगा ठाण्यात कुणाची तरी मालमत्ता सांभाळतो. बीडचा कोयता मुकादमाची उचल घेऊन कोल्हापूरला आणि कर्नाटकात दुसऱ्याचा ऊस तोडतो. त्याच्या स्वतःच्या रानात तेव्हा बहुधा कुणीतरी दुसऱ्या गावचं म्हैस चारतं. प्रत्येकानं दुसऱ्याचं राखायचं असा हा भारदस्त सहकार आहे, फक्त अजून त्याला चेअरमन मिळालेला नाही.

तरीही जमिनीची इज्जत तसूभर कमी झालेली नाही, हे लग्नाच्या बायोडेटात पाहावं. ‘मुलगा पुण्यात नोकरीस, गावी 5 एकर बागायत.’ मुलीच्या बापाला दोन्ही लागतं. शेती पाहिजे, पण मुलगा शेतीत नको. लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात बाशिंग बांधलेल्या मुलांनी घोड्यांवरून, वाजतगाजत कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. निवेदन स्वीकारण्यात आलं. मुली कुठल्या खात्याच्या अखत्यारीत येतात याचा खुलासा झाल्याचं ऐकिवात नाही.

शेतीवर खरं प्रेम आहे ते आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीवाल्या साहेबांचं. त्यांना मुळशीकडे शेतजमीन घ्यायचीय, पण आपल्याकडे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. एजंटानं सांगितलं, आजोबांचा सातबारा शोधा. सापडला. संगमेश्वराजवळ, 43 नावांत त्यांचंही एक, वाट्याला येतात अडीच गुंठे आणि एका फणसाचा काही भाग. जागा त्यांनी पाहिलेली नाही, दाखला मात्र लॅमिनेट करून घेतलाय. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे त्यांना पाठ आहे. आयकर भरणाऱ्याला पीएम-किसानचा हप्ता मिळत नाही हे कळल्यावर मात्र शेतकऱ्यावरच्या या अन्यायाविरुद्ध त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर चांगला सात परिच्छेदांचा मजकूर टाकला.

परवा ते गेटवर थोरल्याला गाठून म्हणाले, “काका, तुमचे ते अठरा गुंठे पडूनच असतात ना? मला देऊन टाका. मी तिथे ड्रॅगनफ्रूट लावतो.”

“देतो की साहेब. पन ईसच्या आतला तुकडा हाय. कायद्यानं बांधाला लागून हाय त्यालाच इकता येतो.”

“मग त्या शेजाऱ्याशी बोलून बघा. तो आधी घेईल, मग मी एकदमच त्याच्याकडून घेतो.”

काकांनी घड्याळ पाहिलं. “आठला येईल त्यो पाळीवर. तुमीच बोला साहेब. शेताचं आमी वकिलामार्फत बोलतो.”