गारगोटीहून गारगोटी

आमच्या गावाचं नावच दगडाचं. गारगोटी. त्यामुळं दगडातलं आपल्याला उपजतच कळतं असा माझा समज होता आणि तो मी भुदरगड तालुक्यात बऱ्यापैकी पसरवूनही ठेवला होता.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत अजिंठ्याला जायचं ठरलं तेव्हा "गाइड कशाला? मी आहे की," असं मी जाहीर केलं आणि महिनाभर वाचनालयातली पुस्तकं घरी आणून, ती ताटाशेजारी उघडी ठेवून, वाकाटक राजा हरिषेणाच्या पानावर आमटी सांडून घेऊन सगळं पाठ केलं. लेणी तीस. सगळ्यांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. सोळावं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं कोरवून घेतलं. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्यातला जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला म्हणून आला आणि त्याला वाघोरा नदीच्या वळणावर ही लेणी दिसली. आमचे चिरंजीव अंथरुणात शिरले तरी मी विचारायचो, "वराहदेव कुणाचा मंत्री?" तो पांघरुणातून म्हणायचा, "झोपेचा."

बेत अगदी चोख होता. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, रात्रीच्या गाडीनं परत. रविवारी निघालो, कोल्हापुरात गाडी बदलली, रात्रभर मान मोडून घेत छत्रपती संभाजीनगर गाठलं, तिथून पुढं शंभर किलोमीटर एसटीत उभ्यानं, आणि पायांचे खांब झालेल्या अवस्थेत फर्दापूरच्या फाट्यावर उतरलो. सगळीकडं शुकशुकाट. मी विजयी मुद्रेनं म्हणालो, "बघा, लवकर आलं की गर्दी लागत नाही."

"आज सोमवार," चहावाला म्हणाला. "लेणी बंद."

मग त्यानं गाळणं झटकत पुढची माहितीही फुकट दिली. वेरूळ मंगळवारी बंद असतं. "तुम्ही उलट यायला पाहिजे होतं, साहेब. आज वेरूळ, उद्या अजिंठा."

इसवी सनापूर्वीची शतकं पाठ, पण चालू आठवड्याचा वार नाही. मंडळी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त आणखी एक चहा मागितला. आमच्या घरात ही धोक्याची खूण आहे.

ती रात्र फर्दापुरात एका खोलीत काढली. काढली म्हणजे डासांनी काढू दिली. मंगळवारी सकाळी, झोप अजिबात नसलेला पण ज्ञान तुडुंब भरलेला असा मी, चपला बाहेर काढून पहिल्या लेण्यात शिरलो. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की दोन-तीन मिनिटं काही म्हणता काही दिसत नाही, हे एकाही पुस्तकात नव्हतं. पण थांबतो कोण! अंदाजानं एका भिंतीसमोर उभा राहून मी सुरुवात केली. "हा जगप्रसिद्ध पद्मपाणी. हातातलं कमळ बघा, काय नाजूक धरलंय!" आणखी चार-पाच अनोळखी माणसंही सरकून जवळ आली. मला चेव चढला.

"पप्पा, कमळ कुठाय?"

"दीड हजार वर्षं झाली, बाळ. झिजलं असेल."

कोपऱ्यातला पहारेकरी खाकरला. "साहेब, तो वज्रपाणी. पद्मपाणी डावीकडं."

जमलेली माणसं मुकाट्यानं डावीकडं गेली. मीही त्यांच्यातलाच असल्यासारखा मागून गेलो. तोवर डोळे अंधाराला सरावले होते. आणि तो दिसला. झुकलेल्या पापण्या, डोक्यावर उंच मुकुट, उजव्या हाताच्या बोटांत खरंच निळं कमळ, आणि चेहरा असा की आपली सगळी बडबड त्याला ऐकू आली आहे आणि तरी तो काही म्हणणार नाही. मी चक्क गप्प बसलो. लग्नाला अठरा वर्षं झाली, मंडळींनी हे प्रथमच पाहिलं.

मग त्याच मला सांगू लागल्या. रंग उडालेल्या जागी गिलावा उघडा पडला होता. मातीत भुसा, तूस, गवताचे धागे कालवून भिंत लिंपलेली, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग चित्र. "आमच्या आजीची भिंत अशीच असायची," त्या म्हणाल्या. "भाताचं तूस घातलं की तडे जात नाहीत." महिनाभर वाचून मला जे समजलं नव्हतं ते त्यांनी खानदानी अनुभवावर अर्ध्या मिनिटात उरकलं.

सव्विसाव्या लेण्यापर्यंत माझी बॅटरी उतरली. तिथं महापरिनिर्वाणातली बुद्धमूर्ती आहे, तेवीस-चोवीस फूट लांब, उजव्या कुशीवर. गारवा होता, शांतता होती, खांब टेकायला सोयीचा होता. जाग आली ती कुणीतरी खांदा हलवल्यानं.

"साहेब, इथं झोपायचं नाही."

मी अर्धवट झोपेत मूर्तीकडं बोट दाखवलं.

"ते झोपले नाहीत," पहारेकरी म्हणाला. "तुम्ही झोपलात."

उतरताना विक्रेत्यांनी गाठलं. निदान खरेदी तरी अक्कलहुशारीनं करावी म्हणून एक दगड निवडला, बाहेरून काळा, आत पांढरे चमचमते स्फटिक. तो बाराशे म्हणाला, मी घासाघीस करून पाचशेवर आणला, घामाघूम झालो, आणि विजयानं मंडळींच्या हातात ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला.

"अहो, ही गारगोटी आहे."

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. अजूनही चौकात कुणी ना कुणी विचारतं, "काय मर्दा, आपल्याकडं संपल्या होत्या व्हय?" दगड टीव्हीशेजारी आहे. लसूण ठेचायला बरा पडतो.

परवा मी पाहुण्यांना सांगत होतो, की स्मिथनं दहाव्या लेण्यात खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. तेवढ्यात चिरंजीवांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"पप्पा, त्या दिवशी बुधवार होता."