सातवा गठ्ठा

महाराष्ट्रातल्या कोणत्याही पंचायत समितीत जा. शिक्षण विभागात शिरल्यावर ऐन पंख्याखाली जे टेबल दिसतं ते भाऊसाहेबांचं. बाकीच्यांना वारा मिळतो तो भाऊसाहेबांना लागून उरलेला. साहेबांची केबिन वेगळी असते, पण साहेबांची बदली होते. टेबल, पंखा आणि भाऊसाहेब यांची होत नाही. हुद्दा वरिष्ठ सहायक. नवे गटशिक्षणाधिकारी रुजू झाले की पहिल्या आठवड्यात बेल वाजवून भाऊसाहेबांना आत बोलावतात. दुसऱ्या महिन्यात स्वतःच फाईल घेऊन टेबलापाशी येतात आणि उभ्याउभ्याच विचारतात, “हे कसं करायचं हो?”

असे हे भाऊसाहेब ३१ मे रोजी नियत वयोमानानुसार, म्हणजे ५८ वर्षं पुरी करून, निवृत्त झाले. ३१ मेच का, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, मोठा पूर आला त्या साली. गुरुजी १ जून लिहून मोकळे. आणि पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला जिल्हा परिषदेत निरोपसमारंभांची लग्नसराई उसळते. भाऊसाहेबांच्या आईच्या मते ते नरकचतुर्दशीच्या पहाटेचे. म्हणजे हक्काचे पाचेक महिने गुरुजींनी खाल्ले. जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो, हा नियम भाऊसाहेबांनी निम्म्या तालुक्याला ऐकवलेला. स्वतः मात्र अर्ज केला नाही. “स्वतःच्याच टेबलावर खेटे कोण घालणार?”

खेटे या विषयात त्यांचा अधिकार वादातीत. एखादे गुरुजी वैद्यकीय बिलाची फाईल घेऊन येतात. भाऊसाहेब चष्मा कपाळावरून नाकावर घेतात, पानं उलटतात आणि हळहळल्यासारखं म्हणतात, “पान तीनवर डॉक्टरांची सही नाही, गुरुजी.” पुढच्या खेपेला सही येते, तेव्हा मूळ पावतीऐवजी झेरॉक्स असल्याचं आढळतं. त्यानंतर डिस्चार्ज कार्डावरचं नाव सेवापुस्तकातल्या नावाशी जुळत नाही. या साऱ्या त्रुटी त्यांना पहिल्याच दिवशी दिसलेल्या असतात, पण एका खेपेला एकच. लोक म्हणतात, हे चहासाठी. मला ते पटत नाही. चहा ते न मागताही मिळवतात. एकदा विचारलं तर म्हणाले, “सगळ्या एकदम सांगितल्या तर माणूस घाबरतो.”

सरकारी दप्तराला सहा गठ्ठे असतात: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेखागारात पाठवायचे आणि नष्ट करायचे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे भाऊसाहेब हे सहा गठ्ठे लाल फडक्यात बांधून असे मांडतात की नमस्कार करावासा वाटावा. सातवा गठ्ठा खालच्या खणात असतो. तो कोणत्याही परिपत्रकात नाही. त्यात काय जातं, हे फक्त भाऊसाहेब ठरवतात.

एका दुशिक्षकी शाळेतल्या दोन गुरुजींचं एकदा फाटलं, ते शाळेची घंटा कोणी वाजवायची यावरून. दोघांनी एकमेकांविरुद्ध चार-चार पानी तक्रारी केल्या. कायद्यानं त्यांना आवक क्रमांक पडायचा, मग केंद्रप्रमुखांची चौकशी, मग विस्तार अधिकाऱ्यांचा अहवाल, मग दोघांचेही खुलासे. भाऊसाहेबांनी दोन्ही कागद सातव्या गठ्ठ्यात टाकले. पंधरवड्यानं एक गुरुजी एकटेच आले, इकडेतिकडे बघत म्हणाले, “भाऊसाहेब, तो कागद पुढं गेला काय?” दुसरे तेच विचारायला दुपारी आले. रागात लिहिलेला राजीनामा, सासरच्या भांडणात मागितलेली विनंती-बदली, सगळं त्याच खणात मुरतं आणि बरंचसं तिथंच विरतं.

आता खरं सांगायचं तर त्या गठ्ठ्यात शहाणपण किती आणि आळस किती, याचा हिशोब कुणालाच लागलेला नाही. एका बाईंची वेतनवाढ त्याच खणात दोन वर्षं मुरली होती. ती काही भांडणात मागितलेली नव्हती.

संगणकाशी त्यांचं नातं सोवळ्याचं. सरल आलं, शालार्थ आलं, यू-डायस आलं. प्रत्येक वेळी भाऊसाहेब म्हणाले, हेही जाईल. पासवर्ड त्यांनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर, एकादशीच्या यादीशेजारी लिहून ठेवले. पण ३० सप्टेंबरचा पट आणि संचमान्यतेचा आकडा जुळेना, की कंत्राटी ऑपरेटर पोरगं स्क्रीन सोडून त्यांच्याकडे वळतं. भाऊसाहेब डोळे मिटतात. “त्या वाडीतली ऊसतोडीची पोरं धरली काय?” धरलेली नसतात.

चार्ज घ्यायला अनुकंपा तत्त्वावर लागलेली मुलगी आली. चार्ज यादीत सहा गठ्ठे पाहून तिनं सहा टिका मारल्या आणि खालचा खण उघडला. “सर, हे कशात धरू?” भाऊसाहेबांनी बराच वेळ घेऊन तिला लिहायला सांगितलं: किरकोळ.

समारंभ पंचायत समितीच्या सभागृहात झाला. ऐन उन्हाळी सुट्टीतही गुरुजन मोठ्या संख्येनं हजर होते. काही प्रेमानं, काही खात्री करून घ्यायला. शाल, श्रीफळ, वहिनींना साडी. साहेबांनी भाऊसाहेबांना कार्यालयाचा कणा म्हटलं; मागच्या साहेबांनी मागच्या निरोपाला दुसऱ्याच कुणाला म्हटलं होतं. मग भाऊसाहेब उठले. जन्मभर टिपणी लिहिलेला माणूस बोलणार कसा? म्हणाले, “उपरोक्त वक्त्यांनी सदर इसमाबद्दल जे मनोगत व्यक्त केले, त्याबाबत आभार. अधिक माहिती निरंक.” आणि बसले. वहिनी पदराआड हसत होत्या.

टाळ्या चालू असतानाच एक गुरुजी पिशवी सांभाळत स्टेजवर चढले. हार घालायला आलेत असं वाटून फोटोग्राफर पुढे सरसावला. पिशवीतून वैद्यकीय बिल निघालं. भाऊसाहेबांनी नारळ मांडीवर ठेवला, चष्मा खाली घेतला, पानं उलटली आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाचही त्रुटी एका दमात सांगितल्या.

गुरुजी खरोखरच घाबरले.