एक्सपीवाला

विंडोज एक्सपी ही ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टने २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आणली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिच्यावरून हात काढून घेतला. या दुसऱ्या तारखेनंतरही जो गृहस्थ रोज सकाळी दुकान उघडून तीच सुरू करतो, तो एक्सपीवाला. पतसंस्थेचा कारकून, वजनकाट्याच्या केबिनमधला माणूस, सोसायटीचा तहहयात खजिनदार अशा अनेक रूपांत तो आढळतो. पण त्याचे सर्वांत अस्सल रूप म्हणजे तालुक्याच्या गावचा डीटीपीवाला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, श्रद्धांजलीचे फ्लेक्स आणि जयंतीची हँडबिले ही त्याची उपजीविका. पुण्याच्या पेठांतही तो आहे. तिथे मात्र त्याला आपण मागे राहिलो असे वाटत नाही, बाकीचे उगाच पुढे गेले असे वाटते.

त्याच्या संगणकाचा डबा मूळचा बदामी असतो व काळानुसार हळदी होत जातो. डब्याची एक बाजू कायम उघडी. त्या बाजूचा पत्रा कुठे गेला हे विचारण्यात अर्थ नाही. त्यावर बहुधा कागदाची रिमे रचलेली असतात. उघड्या बाजूतून रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडेवर शाळकरी खोडरबर फिरवायचे आणि पट्टी पुन्हा दाबून बसवायची, ही शस्त्रक्रिया एक्सपीवाला गिऱ्हाइकाशी बोलता बोलता उरकतो. हा उपाय खरोखर चालतो, कारण कडेवरची काजळी निघाली की संपर्क जुळतो. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी मात्र केव्हाच संपलेली असते. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती गेल्यामुळे संगणक रोज सकाळी आपल्या जन्मसालाच्या आसपास कुठेतरी जागा होतो आणि पुढे जाण्यासाठी एफ१ दाबायला सांगतो. बॅटरी थोडक्या रुपयांत मिळते. एक्सपीवाला ती आणत नाही, कारण एफ१ फुकट आहे.

एफ१ झाले की काळ्या पडद्यावर तीन निळे ठोकळे डावीकडून उजवीकडे सरकू लागतात. तेवढ्यात तो गाळा झाडतो, उदबत्ती लावतो आणि चहा सांगून येतो. एक्सपीसोबत येणारे हिरव्या टेकडीचे चित्र कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकाराने १९९६ मध्ये टिपले होते. एक्सपीवाल्याकडे त्या जागी गणपती किंवा स्वामी समर्थ असतात. आयकॉन पडद्याच्या दोन्ही कडांना दाटीवाटीने उभे असतात, म्हणजे देवाच्या चेहऱ्यावर 'रिसायकल बिन' येत नाही. मग तो माऊसचे उजवे बटण दाबून 'रिफ्रेश' करतो. एकदा नव्हे, चार-पाचदा. या क्रियेने पडद्यावरचे आयकॉन नव्याने रंगवले जातात, याखेरीज काहीही होत नाही. तरीही ती केल्याशिवाय कामाला हात घालणारा एक्सपीवाला सापडणे कठीण.

तो नवा संगणक का घेत नाही, याचे लोकमान्य उत्तर म्हणजे चिक्कूपणा. ते अन्यायाचे आहे. त्याचा मोबाइल दर दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि घरचा टीव्ही भिंतीत मावत नाही. खरे कारण साखळीचे आहे. त्याचा सगळा धंदा पेजमेकरवर. अल्डस कंपनीने १९८५ मध्ये काढलेला हा प्रोग्रॅम पुढे अ‍ॅडोबीकडे गेला. २००१ साली त्याची ७.० ही आवृत्ती आली आणि २००४ मध्ये कंपनीने त्यावरचे काम थांबवले. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून हक्काची जागा आहे, पण पेजमेकरला युनिकोड कळत नाही. म्हणून पुण्यात तयार झालेली श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम असे पॅकेज आणि त्यांचे फॉन्ट हवेत. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच घरांत मराठी आकार बसवून वेळ निभावतात. फॉन्ट काढून घेतला की 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी कंस, टक्के आणि रोमन अक्षरे दिसू लागतात. त्या काळच्या अशा पॅकेजसोबत बऱ्याचदा एक लॉक येत असे. ते संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या पंचवीस टाचण्यांच्या खाचेत बसवावे लागे. नव्या संगणकाला ती खाचच नसते. म्हणजे लॉकसाठी संगणक जुना, फॉन्टसाठी लॉक, पेजमेकरसाठी फॉन्ट आणि या सगळ्यांसाठी एक्सपी. ही साखळी कुठून तोडायची हे भल्याभल्यांना सांगता आलेले नाही, आणि जे सांगतात त्यांनी आयुष्यात एकही पत्रिका छापलेली नसते.

खुद्द एक्सपीला युनिकोड मराठी येत होते, हेही नोंदवायला हवे. कंट्रोल पॅनेलमध्ये खोलवर एका चौकोनात टिचकी मारायची, एवढेच. टिचकी मारली की ती मूळ सीडी मागे, आणि विषय तिथेच संपे.

एक्सपीवाल्याची खरी इस्टेट डी ड्राइव्हवर असते. सी ड्राइव्हवरच्या फाइलींची दुसरी प्रत डीवर ठेवली की बॅकअप झाला, असे तो मानतो. दोन्ही ड्राइव्ह एकाच हार्डडिस्कचे भाग आहेत ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते, किंवा सांगितलेली असून त्याने मनावर घेतलेली नसते. फोल्डरांची नावे 'पत्रिका फायनल', 'फायनल २', 'फायनल लास्ट' आणि 'न्यू फोल्डर ७' अशी असतात. नावांवरून शोधायची सोय नसली तरी त्याचे अडत नाही. पाटलांच्या थोरलीचे लग्न कोणत्या साली झाले, तेव्हा पाऊस किती होता आणि उधारी किती राहिली हे त्याला पाठ असते, आणि त्यावरून फाइल निघते. धाकटीचे लग्न ठरले की थोरलीचीच पत्रिका उघडून नावे बदलली जातात. आजोबा-आजींच्या नावामागे 'कै.' लावावे लागते, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिमुकल्यांत भर पडते. क्वचित मुहूर्त थोरलीचाच राहून जातो. मग वधुपिता दुकानात येतो आणि चूक संगणकाची ठरते.

गिऱ्हाइकाकडून मजकूर येतो व्हॉट्सअॅपवर, अर्थात युनिकोडमध्ये. तो या संगणकात थेट घेता येत नाही. त्यामुळे एक्सपीवाला मोबाइल मॉनिटरला टेकवून उभा करतो आणि अंगठ्याने पडदा सरकवत सगळा मजकूर पुन्हा टाइप करतो. प्रूफ पाठवण्याची रीत याच्या उलटी: मॉनिटरचा मोबाइलने फोटो काढायचा आणि पाठवायचा. फोटोत आडव्या पट्ट्या, ट्यूबलाइटचे प्रतिबिंब आणि एक्सपीवाल्याचा अर्धा चष्मा येतो. गिऱ्हाईक त्यावर 'ओके' पाठवते, कारण त्यालाही काही वाचता आलेले नसते.

इंजिनिअरिंग शिकणारा भाचा दिवाळीच्या सुट्टीत येतो, तेव्हा सुधारणेचा एक प्रयत्न होतोच. जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्या जातात. बाकी बरेचसे जमते, पण रफार मागच्या-पुढच्या अक्षरावर उडी मारतो आणि चि. सौ. कां. वर्षाची 'वषार्' होते. एक्सपीवाला काही बोलत नाही. तो कागद मात्र काउंटरच्या काचेखाली वर्षानुवर्षे जपला जातो. 'काका, आता तरी नवीन घ्या' या वाक्याला त्याचे उत्तरही ठरलेले आहे: 'का? याला काय झालंय?'

सुरक्षेबाबत त्याची भूमिका तर्कशुद्ध आहे. परवान्याविना चालणाऱ्या एक्सपीचा पडदा तासातासाला काळा करणारे अपडेट २००८ च्या सुमारास आले, तेव्हाच त्याने अपडेट बंद केले. त्यामुळे २०१४ मध्ये अपडेट थांबल्याची झळ त्याला लागली नाही. क्रोमने २०१६ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१८ मध्ये साथ सोडल्यावर त्याने इंटरनेटची वायरच काढून टाकली. आता विषाणू येतात ते पेनड्राइव्हमधून, गावातल्याच लोकांचे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या विषाणूने जगभर थैमान घातले. बाधित यंत्रांत विंडोज ७ ची संख्या फार मोठी होती. एक्सपी बहुधा निळा पडदा दाखवून कोसळे आणि त्यामुळे रोग पुढे पसरवत नसे. ही बातमी कानावर आल्यापासून तो ती प्रशस्तिपत्रासारखी सांगतो. कोसळण्याचा भाग वगळून.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चीही मुदत संपली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० लागते, आणि चालू स्थितीतले कितीतरी संगणक त्यात बसत नाहीत. भाच्याचा जुना लॅपटॉपही बसला नाही. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, त्यातला हा प्रकार. विंडोज १० वर राहिलेल्या या नव्या मंडळींना अजून एक्सपीवाल्याची शांत वृत्ती आलेली नाही. ती 'पुढच्या महिन्यात बघू' या पायरीवर आहेत.

यंत्राचा शेवट बहुधा मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून होतो. वेगळ्या जातीचा मदरबोर्ड घालून जुनी डिस्क जोडली तर एक्सपी निळा पडदा दाखवून बसते, म्हणून तंतोतंत त्याच जातीचा शोधावा लागतो. पुण्यात त्यासाठी रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार गाठतात, मुंबईत लॅमिंग्टन रोड. गावाकडे भंगारवाल्याला सांगून ठेवतात. धोरणी एक्सपीवाल्याच्या टेबलाखाली असे दोन-तीन मुके डबे आधीच जमवलेले असतात. त्यांपैकी एक विकत मागायला अधूनमधून शेजारच्या तालुक्यातला दुसरा एक्सपीवाला येतो. त्याला चहा मिळतो, डबा मिळत नाही.