गॉबल्डीगुक

(टेबल, खुर्ची, फायलींचा डोंगर. डोंगरामागून जुन्या सुटातला कारकून डोकं वर काढतो.)

मी अमेरिकन सरकारचा कारकून. मुक्काम वॉशिंग्टन, साल १९४४. आता हयात नाही. पण गेलो तो म्हातारपणानं, गोळी लागून नव्हे! गोळी घालायचा लेखी हुकूम मात्र निघाला होता.

आमचं खातं स्मॉलर वॉर प्लांट्स कॉर्पोरेशन. महायुद्धाची कंत्राटं बड्या कारखान्यांच्या घशात जायची. त्यातली थोडी छोट्यांना मिळवून द्यायची, हे काम. नटबोल्टवाला यायचा, विचारायचा, "साहेब, काम मिळेल का?" मी म्हणायचो, (घसा खाकरून) "सदर विषयाच्या अनुषंगाने प्रादेशिक स्तरावरून उद्भवलेल्या बाबींच्या सक्रियीकरणोत्तर कार्यान्वयनाची प्रक्रिया विचाराधीन आहे." माणूस खूश! घरी जाऊन बायकोला विचारत असेल, "अगं, मिळालं का मला काम?"

आणि मी एकटा नव्हे हं. १९४२ मध्ये विमानहल्ल्यापासून बचावासाठी ब्लॅकआउटची सूचना निघाली, ती हार्वर्डच्या कायद्याच्या डीनसाहेबांच्या खात्यातून! संघराज्याच्या इमारती, तसेच संघराज्याच्या नसलेल्या परंतु संघराज्याने व्यापलेल्या इमारती, अंतर्गत वा बाह्य प्रकाशामुळे कितीही काळ दृश्यमान होणार नाहीत अशी... (दम लागतो, पाणी पितो) ...तजवीज करण्यात यावी. रूझवेल्ट म्हणाले, सांगा त्यांना, काम चालू ठेवायचं असेल तिथं खिडकीवर काहीतरी टाका, थांबवता येत असेल तिथं दिवे घालवा. (हळहळत) एवढा मोठा राष्ट्राध्यक्ष, पण भाषेला वजन म्हणून नाही!

आणि मग आमच्या डोक्यावर आले मॉरी मॅव्हरिक. टेक्ससचे, सॅन अँटोनियोचे माजी महापौर. बुटके, रुंद, तोंडाचे फटकळ. यांच्या आजोबांना कर्जवसुलीत ४०० गुरं मिळाली होती. गुरांना डाग द्यायचा, तो आजोबांनी दिलाच नाही. तेव्हापासून डाग नसलेलं मोकाट जनावर म्हणजे 'मॅव्हरिक'. पुढे कुणालाही न जुमानणाऱ्या माणसालाही तेच म्हणू लागले. काही न करता भाषेला शब्द दिला! सरकारी नोकरीत हवा होता हा माणूस.

नातवाला मात्र स्वस्थ बसवेना. आमच्या फायली वाचल्या. (मिटक्या मारत) वाचल्या बिचाऱ्यानं! आणि मार्च १९४४ मध्ये परिपत्रक: थोडक्यात लिहा, कशाबद्दल लिहिताय ते लिहा, गॉबल्डीगुक बंद करा. आणि 'अ‍ॅक्टिव्हेशन' किंवा 'इम्प्लिमेंटेशन' हे शब्द जो वापरेल त्याला गोळ्या घालण्यात येतील.

(खिसे चाचपतो.) सक्रियीकरण आणि कार्यान्वयन! माझं तर सगळं भांडवल त्या दोन शब्दांत!

हे गॉबल्डीगुक आलं कुठून? साहेबांनी मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या पुरवणीत खुलासा केला. म्हणे टेक्ससमधला टर्की कोंबडा आठवला. (छाती फुगवून, मान मागं टाकून रंगमंचभर चालतो.) गॉबल! गॉबल! गॉबल-गॉबल-गॉबल... (थबकतो, गिळल्यासारखं) ...गुक. (प्रेक्षकांकडे बघत) हसताय काय? आमच्या उपसचिवांची बैठक अशीच व्हायची. शेवटचं 'गुक' म्हणजे आभार प्रदर्शन.

शब्द लागलीच चालला. विम्याची पॉलिसी, आयकराचा फॉर्म, वकिलाची नोटीस, ज्यातलं काही कळत नाही ते सगळं गॉबल्डीगुक. १९६६ मध्ये तर आमच्याच सरकारच्या जमीन खात्यानं कर्मचाऱ्यांसाठी पुस्तक काढलं, 'गॉबल्डीगुक हॅज गॉट्टा गो'. आता तो शब्द आजोबांच्या कोटासारखा झालाय. जुना झाला, तरी घातला जातो. पण माल? माल ताजा आहे!

साहेब १९५४ मध्ये गेले. त्यांची इच्छा पूर्ण केली ओबामांनी. १३ ऑक्टोबर २०१०, सोप्या लिखाणाचा कायदा! सरकारनं जनतेला कळेल असं लिहावं. मी म्हटलं, संपलो. पण घाबरलो नाही, सरकारवर माझा विश्वास. कायद्यात काय? प्रत्येक खात्यात सोपेपणासाठी वरिष्ठ अधिकारी नेमा. कर्मचाऱ्यांना सोपेपणाचं प्रशिक्षण द्या. सोपेपणाच्या पालनाचा दरवर्षी अहवाल द्या! (डोळे पुसत) माझी मुलं नाव काढतायत हो.

आणि २०११ च्या एप्रिलमध्ये कायद्याच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. (कागद वर धरतो.) शीर्षक वाचतो हं. 'फायनल गायडन्स ऑन...' (चष्मा पुसतो, पुन्हा वाचतो.) '...इम्प्लिमेंटिंग...'

(कागद टाकून टेबलाखाली उडी मारतो. तिथूनच, दबक्या आवाजात:)

मंडळी, कुणी टेक्ससवाला आहे का बघा हो तिकडं!

(पडदा)